'अर्रर्र!' म्हणताना जीभ कोण हलवतं?

हातातून चहाचा कप निसटला की तोंडातून आपसूक निघतं, 'अर्रर्र!' हा लांबलेला 'र' पुन्हा एकदा म्हणून बघा. जीभ थरथरते ना? या थरथरीला इंग्रजीत 'ट्रिल' म्हणतात. हाच शब्द संगीतासाठी आणि पक्ष्यांच्या गाण्यासाठीही वापरतात. पण तिन्हीकडे अर्थ वेगळा आहे.

बोलण्यातली ट्रिल

जिभेचं टोक वरच्या दातांमागे सैल टेकवलेलं असतं. फुप्फुसांतून येणारी हवा ते ढकलते आणि ते लगेच परत येऊन टेकतं. असं सेकंदाला साधारण २५ ते ३० वेळा होतं. इतक्या वेगाने जीभ आपण हलवत नाही, हवा हलवते. वाऱ्यावर झेंडा फडफडतो तशी. रोजच्या बोलण्यातला मराठी 'र' मात्र बहुतेकदा जिभेच्या एकाच टिचकीत संपतो. स्पॅनिशमध्ये या फरकाने अर्थच बदलतो. एका टिचकीचा 'पेरो' म्हणजे 'पण' आणि थरथरता 'पेर्रो' म्हणजे कुत्रा!

संगीतातली ट्रिल

पाश्चात्त्य संगीतात शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटून पालटून घेतले की ट्रिल होते. इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी यांची 'डेव्हिल्स ट्रिल' ही रचना यासाठीच प्रसिद्ध आहे. आपली मुरकी ऐकताना ट्रिलची आठवण येते, पण मुरकीला दोनच स्वरांचं बंधन नसतं.

पक्ष्यांची ट्रिल

इथे एकच ध्वनी भराभर पुन्हा पुन्हा येतो. झाडाच्या शेंड्यावरून खंड्याची उतरत जाणारी किलकिल ऐकली असेल, तर तुम्ही ट्रिल ऐकली आहे. उत्तर अमेरिकेतल्या 'स्वॅम्प स्पॅरो' या चिमणीसारख्या पक्ष्यात नराची यात कसोटी लागते. सूर जितका वर-खाली न्यायचा, तितकी चोच जास्त उघडमीट करावी लागते आणि वेग कमी होतो. दोन्ही साधणाऱ्या नराच्या गाण्याला मादी अधिक प्रतिसाद देते.

हे कळून उपयोग काय?

घरातलं लहान मूल 'राम'ऐवजी 'लाम' म्हणतं, तेव्हा 'नीट म्हण, जोर लाव' असं आपण सांगतो. पण 'र' मुलांना उशिरा जमणाऱ्या ध्वनींपैकी एक आहे. जोर लावला की जीभ ताठ होते आणि ताठ जीभ थरथरत नाही. म्हणून रागावू नका, चिडवू नका. शाळेत रुळल्यावरही अडचण राहिली, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. तो आळस नसतो.