ज्ञान व्यवस्थापन प्रणाली : संघटनांना होणारे लाभ

प्रस्तावना :
अनुभवी कर्मचारी सेवानिवृत्त होतो तेव्हा त्याने हाताळलेल्या फायली संस्थेत राहतात. परंतु त्या हाताळताना आलेली जाण त्याच्याबरोबर निघून जाते. ही जाण संस्थेत टिकावी आणि इतरांच्या उपयोगी पडावी, यासाठी केलेली योजनाबद्ध व्यवस्था म्हणजे ज्ञान व्यवस्थापन प्रणाली होय.

ज्ञानाचे स्वरूप :
नियमपुस्तिका, अहवाल, नोंदवह्या यांतील ज्ञान व्यक्त स्वरूपाचे असते. कौशल्य आणि अनुभवजन्य अंदाज हे अव्यक्त ज्ञान होय. अव्यक्त ज्ञानाची संकल्पना मायकेल पोलान्यी यांनी मांडली. या दोन प्रकारांच्या परस्पर रूपांतरातून संघटनेत नवे ज्ञान निर्माण होते, असे प्रतिपादन इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले.

झेरॉक्स कंपनीचे उदाहरण :
मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी या कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा प्रत्यक्ष सहवासातून अभ्यास केला. पुस्तिकेत न सापडणाऱ्या बिघाडांवर हे तंत्रज्ञ एकमेकांना अनुभव सांगून मार्ग काढत, असे त्यांना आढळले. या जाणिवेच्या आधारे १९९० च्या दशकात ‘युरेका’ ही प्रणाली विकसित झाली. तंत्रज्ञाने सुचविलेला उपाय जाणकार सहकारी तपासत आणि योग्य ठरल्यास तो सुचविणाऱ्याच्या नावासह सर्वांसाठी खुला होई. अशा रीतीने एका ठिकाणी सापडलेले उत्तर अन्यत्र काम करणाऱ्यांच्याही हाती आले.

लाभ :
१. तीच चूक पुन्हा होणे व तेच उत्तर पुन्हा शोधणे टळते. वेळ आणि खर्च वाचतो.
२. नवागत कर्मचारी कमी काळात कामास सरावतो.
३. निर्णयांना पूर्वानुभवाचा आधार मिळतो.
४. कर्मचारी बदलले तरी कार्यात सातत्य राहते.

मर्यादा :
केवळ संगणक व सॉफ्टवेअर बसविल्याने हे लाभ मिळत नाहीत. आपले ज्ञान दिल्यास आपले महत्त्व कमी होईल, अशी भीती असेल तेथे कोणीही मनापासून नोंद करीत नाही. ‘युरेका’मध्ये सहकाऱ्यांकडून होणारी तपासणी आणि नावानिशी मिळणारे श्रेय यांमुळे हा विश्वास निर्माण होण्यास मदत झाली.

समारोप :
प्रवेश, परीक्षा, संलग्नीकरण यांसारख्या कामांत महाविद्यालयांनाही ही गरज भासते. अनुभवी सहकारी निवृत्त होण्यापूर्वीच त्यांची जाण सन्मानपूर्वक नोंदवून घेणे, ही या दिशेने पहिली पायरी ठरेल.