लेव्ही मुंबईची, कायदा जयपूरचा

३१ डिसेंबर २०२५ च्या डिलिव्हरी कामगारांच्या संपाची बातमी वाचून झाली, जानेवारीत 'दहा मिनिटांत घरपोच'च्या जाहिराती खाली उतरल्या, त्यावर वाहिन्यांवर चर्चाही झडल्या. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागेच पडला. प्रत्येक ऑर्डरमागे ती पोचवणाऱ्याच्या नावावर काही रक्कम जमा व्हायची असेल, तर ती कशाच्या किती टक्के, आणि ती जमा झाली हे त्याला कळणार कसं? देशात या प्रश्नाला पहिलं कायदेशीर उत्तर २०२३ मध्ये जयपूरने दिलं. ते उत्तर मूळचं आपलं, मुंबईच्या मशीद बंदरच्या किराणा बाजारात घडलेलं आहे. महाराष्ट्रात याविषयी जवळजवळ कुणी बोलत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

माथाडी कायदा १९६९ चा. त्याआधी हमालाची अडचण काय होती? तो सकाळी एका गाळ्यावर गोणी उतरवायचा, दुपारी दुसऱ्याचा ट्रक भरायचा. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नाही, टोळीचा माणूस आहे. मुकादम म्हणायचा, मी फक्त माणसं आणतो. पाठीचा कणा गेला की सातारा-जुन्नरकडच्या गावी परतायचं, हातात काही नाही. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेने रेटा लावला आणि सरकारने फार शहाणपणाचा मार्ग काढला. हमाल कुणाचा नोकर, हा वाद कायद्याने बाजूलाच ठेवला. व्यापाऱ्याने माथाडी मंडळात नोंद करायची, टोळीनेही करायची. झालेल्या कामाची मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळात भरायची. मंडळ मजुरी हमालाच्या हाती देणार आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना चालवणार. मालक दहा असोत की पन्नास, हमालाचं खातं एकच. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचेही प्रतिनिधी. कोपरखैरणेतल्या माथाडी वसाहतींत आज दुसरी-तिसरी पिढी राहते, तिच्यामागे ही लेव्ही आहे.

आता ॲपवाल्या कंपन्यांचा युक्तिवाद ऐका. हा आमचा नोकर नाही, 'पार्टनर' आहे, आम्ही केवळ ग्राहकाशी गाठ घालून देतो. मशीद बंदरचा व्यापारी आणि मुकादम दोघांचंही म्हणणं एकाच करारपत्रात आलं आहे.

जगभरची न्यायालयं याच वादात अडकली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक 'वर्कर' ठरवले, त्यामुळे किमान वेतन आणि भरपगारी रजा त्यांना लागू झाली. कॅलिफोर्नियात उलट झालं. तिथे चालकांना स्वतंत्र कंत्राटदार मानणारा, मतदारांनी मंजूर केलेला कायदा २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. आपल्याकडे ॲपवर काम करणाऱ्यांच्या संघटनेची याचिका २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी सप्टेंबर २०२४ मध्ये, लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यापुरतं, टॅक्सीचालकाला कंपनीचा कर्मचारी मानलं. काही दिवसांतच खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. हा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालू शकतो. रोज बारा तास दुचाकीवर असणाऱ्या पोराला तेवढी वर्षं थांबता येत नाही.

जयपूरच्या कायद्याची ताकद इथे दिसते. 'राजस्थान प्लॅटफॉर्म-बेस्ड गिग वर्कर्स (नोंदणी आणि कल्याण) कायदा' विधानसभेने २४ जुलै २०२३ रोजी मंजूर केला. नोकर की कंत्राटदार, या भानगडीत तो पडतच नाही. ज्या क्षणी व्यवहार होतो, त्या क्षणाला तो हात घालतो. प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क, ते भरायची जबाबदारी कंपनीची. कामगाराला एकच ओळख क्रमांक, तो सगळ्या ॲपवर चालणारा. किती दिवस काम केलं याची अट नाही. शुल्क चुकवलं तर पहिल्या वेळी पाच लाखांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास लाखांपर्यंत.

हे कुणाच्या डोक्यातून आलं, ते जरा सविस्तर सांगायला हवं. पाठपुरावा करणाऱ्यांत मजदूर किसान शक्ती संगठन आघाडीवर होतं, म्हणजे अरुणा रॉय, निखिल डे आणि त्यांचे सहकारी. हीच मंडळी बाबा आढावांबरोबर पेन्शन परिषदेत होती, आणि पुण्याच्या हमाल पंचायतीचं काम बाबांनी १९५० च्या दशकात उभं केलेलं. माथाडी मंडळांचा दाखला त्यांनी जाहीरपणे समोर ठेवला होता. पण त्यांनी त्यात राजस्थानची स्वतःची एक गोष्ट मिसळली. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किरानात त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा गावासमोर सरकारी कामांच्या नोंदी वाचून दाखवल्या गेल्या. मस्टरवर नाव कुणाचं, पैसे कुणी उचलले, हे उघड्यावर आलं. मस्टर दाखवा, ही त्यांची मागणी पुढे देशाच्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत पोचली.

गिग कायद्यातली 'केंद्रीय व्यवहार माहिती आणि व्यवस्थापन प्रणाली' म्हणजे तेच मस्टर, फक्त सर्व्हरवरचं. ग्राहकाने किती दिले, कामगाराला किती पोचले, शुल्क किती कापलं, ही प्रत्येक व्यवहाराची नोंद राज्याच्या कल्याण मंडळाला दिसायला हवी आणि ज्याची त्याला दिसायला हवी. आजवर हे मस्टर फक्त कंपनीकडे होतं. रेटिंग कशाने घसरलं, आयडी का बंद झाला, इन्सेंटिव्ह का हुकला, याचं उत्तर कामगाराला मिळतं ते ॲपवरच्या तयार वाक्यात. माझ्या मते या कायद्याचा गाभा पैशापेक्षा या नोंदीत आहे.

असं मस्टर सांभाळायला यंत्रणा लागते, म्हणून झालाना महत्त्वाचं. जयपूरचा हा भाग बाहेरच्यांना बिबट्यांसाठी ठाऊक आहे. डोंगराच्या एका अंगाला राखीव जंगल आणि दुसऱ्या अंगाला सरकारी संस्थांची रांग: दूरदर्शन केंद्र, पासपोर्ट कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ. याच झालाना इन्स्टिट्यूशनल एरियात २०१८ मध्ये राज्याचं भामाशाह टेक्नोहब सुरू झालं, आणि भामाशाह डेटा सेंटरही. स्टार्टअपला जागा द्यायची आणि राज्याची माहिती सांभाळायची, ही दोन्ही कामं इथेच. जनसूचना पोर्टलवर रेशन दुकानापासून रोजगार हमीपर्यंतची माहिती २०१९ पासून उघडी ठेवणारं राज्य व्यवहारांचं मस्टर चालवू शकत नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. यंत्रणा आहे, माणसं आहेत. टेक्नोहबच्या फाटकाशी जेवणाच्या वेळेला डबे घेऊन येणारे दुचाकीवालेही आहेत, ज्यांच्या नावाची ओळ त्या मस्टरमध्ये पडायची आहे.

अडलं ते नियमांवर. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं आणि नियम रेंगाळले. कायदा राजपत्रात आला, शुल्काचा दर अधांतरी राहिला. नियम नसतील तर कायद्याला हातपाय नसतात.

दरम्यान कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि काही बाबतीत तो पुढे गेला. कामगाराला काढण्याआधी चौदा दिवसांची नोटीस, स्वयंचलित प्रणाली त्याच्याबाबत निर्णय कसे घेते हे सांगण्याचं बंधन. शुल्क मात्र कामगाराला मिळणाऱ्या रकमेवर, एक ते पाच टक्के. राजस्थानात ते व्यवहाराच्या मूल्यावर आहे. हा फरक बारीक वाटतो, पण हिशेब करून पाहा. समजा ऑर्डर चारशे रुपयांची आणि पोचवणाऱ्याला चाळीस मिळाले. व्यवहाराच्या एक टक्का म्हणजे चार रुपये. मिळकतीच्या एक टक्का म्हणजे चाळीस पैसे. दिवसाला वीस ऑर्डर धरल्या तर एकीकडे ऐंशी रुपये, दुसरीकडे आठ.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत तिसराच पाया आहे: कंपनीच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही. डिसेंबरअखेर आलेल्या नियमांच्या मसुद्यात वर एक अट आहे. एका कंपनीकडे वर्षाला ९० दिवस, किंवा सगळ्या मिळून १२० दिवस काम केलेलं असायला हवं. मला हे मान्य नाही. उलाढालीवरचा पैसा एका मोठ्या निधीत जातो. अमुक ऑर्डरमागे माझ्या नावावर अमुक जमा झाले, ही ओळ त्यात हरवते. सण-सुगीला शहरात येऊन महिना-दोन महिने डिलिव्हरी करणारा तर दारातच अडतो.

राजस्थानात आणखी एक गोष्ट घडते, तीही याच हिशेबात धरायला हवी. भरती परीक्षांतली कॉपी रोखायला तिथे इंटरनेट बंद करण्याचा पायंडा पडला. सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेला अनेक जिल्ह्यांत नेट बंद होतं. नेट बंद म्हणजे ॲप बंद, ॲप बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात इंटरनेटवरून चालणारा व्यवसायही घटनेच्या संरक्षणात येतो असं सांगितलं आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला लावले. बुडालेल्या मजुरीचं काय, हे मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

माथाडी व्यवस्थेत सगळं गोड आहे, असं मी म्हणणार नाही. बोगस माथाडी, त्यांच्या नावाखाली खंडणी, मंडळांवर न भरलेल्या जागा, या तक्रारी खऱ्या आहेत. पण हे दुखणं कारभाराचं आहे. सर्व्हरवर प्रत्येक व्यवहार आपोआप नोंदला जातो, तिथे खोटी टोळी उभी करणं गोणीच्या बाजारापेक्षा कितीतरी अवघड.

राज्याचा कायदा आणि केंद्राची संहिता यांत विसंगती निघाली तर घटनेच्या कलम २५४ नुसार सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो, त्यामुळे कर्नाटक असो वा राजस्थान, हा वाद न्यायालयात जाईल असं मला वाटतं. महाराष्ट्रातही अशा कायद्याची चर्चा होत राहिली आहे. मंत्रालयात मसुदा लिहायला कुणी बसलंच, तर झालानातली यंत्रणा आणि मशीद बंदरचं लेव्हीचं खातं दोन्ही समोर ठेवून बसावं. शुल्क व्यवहारावर असावं, दिवसांची अट नसावी आणि कापलेला पैसा त्याच दिवशी कामगाराच्या मोबाइलवर दिसावा.