माळ्यावरचा ॲम्प्लिफायर आणि दीड मीटर वायर

फोनच्या स्पीकरवर तबल्याचं एकलवादन लावून बघा. चाटीवरचे बोल खणखणीत येतील, पण डग्गा जवळजवळ नाहीसा झालेला असेल. घुमारा नाही, मींड नाही, समेवर पोटात जाणवणारी थाप तर नाहीच. खालचे सूर ऐकू यायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि नखाएवढ्या पडद्याला ते जमत नाही. अनेक घरांत मात्र हे काम सहज करणारे मोठे स्पीकर आणि त्यांचा ॲम्प्लिफायर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेले असतात.

आमच्याकडेही होते. बाबांनी ऐंशीच्या दशकात पै पै साठवून घेतलेले. पुढे कॅसेट डेकचा पट्टा तुटला, रेकॉर्ड प्लेअरची सुई मिळेना, आणि धडधाकट ॲम्प्लिफायरही त्यांच्याबरोबर माळ्यावर गेला. मला याचं वाईट वाटतं. डेक बंद पडला म्हणून ॲम्प्लिफायर निकामी होत नाही. त्याला गाणं पुरवणारं काहीतरी हवं असतं आणि ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

मधला दुवा म्हणजे एक वायर. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘ईपी टू टू-आरसीए’ म्हटलं की दुकानदार ती काढून देतो. ईपी म्हणजे हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन. तिची थोरली बहीण ६.३५ मिलिमीटरची, बाजारातली ‘पी-३८’. ती जन्मली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, एका ग्राहकाची लाइन दुसऱ्याला जोडण्यासाठी. धाकटी १९७९ च्या वॉकमनबरोबर लोकांच्या कमरेला आली. वायरच्या दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढऱ्या अशा दोन आरसीए पिना असतात: लाल उजव्या बाजूची, पांढरी डाव्या.

२०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचं भोक काढून टाकलं आणि बाकीच्या बऱ्याच कंपन्या त्याच वाटेने गेल्या. तुमच्या फोनला भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा ॲडॅप्टर लागेल. तो घेताना एक नक्की विचारा: ‘यात डॅक आहे का?’ डॅक म्हणजे फोनमधल्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. काही स्वस्त ॲडॅप्टरांमध्ये नुसत्या तारा असतात आणि बऱ्याच फोनांवर ते मुके राहतात.

खरी गंमत ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे आहे. तिथे फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप अशा जोड्या ओळीने असतात आणि बहुतेक घोळ इथेच होतो. ॲम्प्लिफायर माळ्यावरून काढला त्या पहिल्या दिवशी आम्ही वायर फोनोमध्ये घातली, कारण नाव ओळखीचं वाटलं. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला, तर तंबोऱ्याच्या जागी फाटक्या कापडासारखा आवाज. बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, स्पीकरचे कोन फाटले. मी ॲम्प्लिफायर रिक्षात घालून दुरुस्तीला नेला. तिथल्या काकांनी झाकणसुद्धा उघडलं नाही.

‘‘फोन कुठे जोडला होता?’’

‘‘फोनोला.’’

‘‘तिथे सुईचं बोट धरायचं असतं. तुम्ही पैलवान पाठवलात.’’

नेमकं तसंच असतं. रेकॉर्डवर फिरणारी सुई जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या आसपास वीज देते. म्हणून फोनोच्या वाटेवर आधी एक जादा टप्पा असतो, तो या कुजबुजीला शंभरेक पट मोठं करतो. फोन हेडफोनसाठी अर्धा-एक व्होल्ट देतो. तो शंभर पट करायला गेलं की लहरींची टोकं छाटली जातात आणि कानाला फाटका आवाज येतो. शिवाय रेकॉर्ड कोरताना खालचे सूर मुद्दाम बारीक आणि वरचे ठसठशीत कोरतात, कारण खालचे सूर पूर्ण ताकदीने कोरले तर खाचा फार रुंद होतील. हे प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेत ठरलं आणि पुढे जगभर रुळलं. फोनोचा टप्पा ते उलटं करतो, म्हणजे खालचं फुगवतो आणि वरचं दाबतो. फोनमधल्या गाण्याला या उपचाराची गरजच नसते.

ऑक्स, ट्यूनर, सीडी यांपैकी कोणतीही जोडी चालते, आतून त्या सारख्याच असतात. टेपला मात्र दोन जोड्या असतात. ‘प्ले’ किंवा ‘इन’ लिहिलेली आपली, ‘रेक’ लिहिलेली बाहेर जाणारी. टेपमध्ये जोडलं तर पुढचं टेप मॉनिटरचं बटण दाबायला विसरू नका.

काही जुन्या संचांना आरसीए नसतंच. पाच टाचण्यांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यात तीन नंबरची टाचणी डावीकडची, पाच नंबरची उजवीकडची, मधली दोन नंबरची अर्थिंगची. एक आणि चार रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातात. त्यामुळे डिन टू आरसीए वायर घेताना ती टेप ऐकण्यासाठीची आहे का, हे पाहून घ्या.

आता आवाज कुठून वाढवायचा? फोनचा आवाज नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि बाकी काम ॲम्प्लिफायरच्या मोठ्या बटणावर सोडा. फोन हळू आणि ॲम्प्लिफायर मोठा असं केलं, तर गाण्याबरोबर मधल्या सर्किटांची सळसळही मोठी होते. फोनमधलं इक्वलायझर आणि बेस वाढवणारी सोय बंद करा, मोठ्या स्पीकरला त्यांची गरज नाही. आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावाच. विलंबित आलापाच्या मध्यात आठ इंची वूफरमधून रिंगटोन येणं हा गाण्यावर अन्याय आहे.

फोन चार्जिंगला असताना घूं असा आवाज येऊ लागला तर आधी चार्जर काढून बघा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. दोन यंत्रं वेगवेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडली गेली की ती आवर्तनं, कधी त्यांची दुप्पट, वायरमध्ये शिरतात आणि खर्जाच्या खाली बेसूर षड्ज धरून बसतात. बॅटरीवर चाललेला फोन बहुधा शांत असतो.

ब्लूटूथचा छोटा रिसिव्हरही याच ऑक्सला लागतो, आणि सोय म्हणून तो उत्तमच. पण सीडीतून सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती येते, तर ब्लूटूथचा एलडॅकसारखा चांगला प्रकारही ९९० पर्यंतच पोचतो. तंबोऱ्याची जवारी नीट ऐकायची असेल तेव्हा मी वायरच जोडतो.

आणि एक गोष्ट जिवाशी संबंधित. लाकडी पेटीतल्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओलाही मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं असतात. तिथे फोन जोडायचा मोह होतो. पण त्यातल्या काही संचांत ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि धातूची चॅसिस थेट घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा लागला तर २३० व्होल्ट फोनच्या वायरवर आणि तिथून हातात. जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय त्या भोकांना हात लावू नका.

आजीचा रेडिओ असाच निघाला. काकांनी आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला आणि मीटर लावून चॅसिस तपासली, मगच वायर काढून दिली. स्पीकर एकच असल्याने डावी-उजवी बाजू एकत्र करावी लागली. तीही तारा एकमेकींना पिळून नाही, तर दोन्हींना हजार ओहमचा एकेक रेझिस्टर लावून, म्हणजे एका बाजूचा भार दुसरीवर पडत नाही. आता रोज सकाळी आजी बत्ती पिवळी व्हायची वाट बघते. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं, तोवर फोनवर गाणं सुरू करायचं नाही, ही तिची अट.