अस्वलांच्या प्रदेशातील किशोर पदभ्रमण : तयारीच्या बदलत्या कल्पनांचा मागोवा

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ अरण्यांत किशोरवयीन मुलांना अनेक दिवसांच्या पायी मोहिमेवर नेण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगली रुजली होती. परंतु तेथील अस्वलांच्या संदर्भात या मुलांची तयारी कशी करून घ्यावी, याविषयीची आजची शिस्त मात्र टप्प्याटप्प्याने आणि बऱ्याच अंशी ठेचा खाऊनच आकाराला आली. न्यू मेक्सिकोतील सिमरॉन गावाजवळची 35,857 एकर जमीन तेलउद्योजक वेट फिलिप्स यांनी 1938 मध्ये अमेरिकेतील स्काउट संघटनेला दिली आणि 1941 मध्ये तीत मोठी भर घातली. ‘फिलमाँट’ या नावाने ओळखली जाणारी ही जागा पाठीवर सॅक घेऊन चालणाऱ्या किशोर तुकड्यांचे एक प्रमुख केंद्र ठरली. येथे आढळते ते काळे अस्वल. माँटाना, वायोमिंग आणि अलास्का येथे त्याच्या जोडीला ग्रिझली, म्हणजे तपकिरी अस्वलाचा अधिक बलदंड आणि पिल्लांच्या रक्षणासाठी चटकन अंगावर येणारा प्रकार, आढळतो. मोहीम कोणत्या अस्वलाच्या मुलखात जाणार आहे, हा तयारीतील पहिला प्रश्न असतो तो यामुळेच.

सुरुवातीच्या काळात अस्वल हे पर्यटकांचे करमणुकीचे साधन मानले जात असे. येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कचऱ्याच्या ढिगांवर येणारी अस्वले पाहण्यासाठी प्रेक्षकांना बसायला बाके मांडलेली असत, आणि रस्त्याकडेला गाडी थांबवून त्यांना खाऊ घालणे हा सर्रास प्रकार होता. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो : 1931 ते 1969 या काळात त्या एका उद्यानात अस्वलांमुळे वर्षाला सरासरी 48 माणसे जखमी होत होती. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल त्याच्याविषयीची भीती गमावते आणि पुढे अन्नासाठी तंबूतही शिरते, हे कार्यकारण तज्ज्ञांना उमगत होते; पण ते धोरणात उतरण्यासाठी एक शोकांतिका घडावी लागली. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात 1910 मधील स्थापनेपासून ग्रिझलीने माणूस मारल्याची नोंद नव्हती. 13 ऑगस्ट 1967 च्या एकाच रात्री मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणी उघड्यावर झोपलेल्या, प्रत्येकी 19 वर्षांच्या दोन तरुणी दोन निरनिराळ्या अस्वलांच्या हल्ल्यांत मरण पावल्या. त्यांपैकी एका ठिकाणी विश्रामगृहामागे टाकलेल्या खरकट्यावर अस्वले नित्य येत असत आणि पाहुणे ती कौतुकाने पाहत असत. यानंतर उद्यानांतील कचरा-व्यवस्था बदलू लागली, येलोस्टोनमधील उकिरडे 1970 च्या सुमारास बंद झाले आणि 1975 मध्ये अलास्का वगळता अमेरिकेतील ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण मिळाले. दोष अस्वलाचा नसून माणसाच्या ढिसाळपणाचा आहे, हा विचार येथून पक्का झाला, आणि पदभ्रमणाच्या तयारीचा रोख त्यानंतर अस्वलाऐवजी माणसाच्या सवयींकडे वळला.

या बदलाचा पहिला परिणाम अन्नसाठवणुकीवर झाला. अन्नाची पिशवी जमिनीपासून किमान 3 मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटरभर दूर टांगावी, असा दंडक शिकवला जाऊ लागला. परंतु कॅलिफोर्नियातील काळ्या अस्वलांनी दोर कुरतडण्याची आणि हलक्या पिल्लांना फांदीवर पाठवण्याची युक्ती अवगत केल्यावर 1980 च्या दशकात ‘बेअर कॅनिस्टर’, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा टणक, गुळगुळीत डबा, पुढे आला. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात 1998 या एका वर्षात अस्वलांच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, तेव्हा साठवणुकीच्या नियमांची अंमलबजावणी किती निकडीची आहे, हे स्पष्ट झाले.

नियम मुलांच्या अंगवळणी कसे पाडले जातात, हे फिलमाँटमधील मुक्कामाच्या रचनेवरून कळते. तुकडीचा नायक किशोरच असतो आणि प्रौढ केवळ सल्लागार. पहिले काही दिवस प्रशिक्षित ‘रेंजर’ सोबत राहून कामे शिकवतो आणि मग निघून जातो. चूल, सांडपाण्याचा खड्डा आणि पिशव्या टांगण्याची तार या तिन्ही वासाच्या जागांचा त्रिकोण मनात आखून तंबू त्याच्या बाहेर ठोकले जातात. भांड्यांचे पाणी गाळून खड्ड्यात ओतले जाते आणि गाळणीत उरलेली शिते कचऱ्याच्या पिशवीत जातात. झोपण्यापूर्वी प्रत्येकाचे खिसे तपासले जातात. अन्नच नव्हे, तर टूथपेस्ट, ओठांचे मलम, सनस्क्रीन असे वासाचे सारे काही तारेवर चढते, आणि उशिरा सापडलेल्या वस्तूंसाठी एक छोटी पिशवी वेगळी ठेवलेली असते. एखाद्याच्या खिशात विसरलेली गोळी साऱ्या तुकडीला महागात पडू शकते, याची जाणीव व्याख्यानापेक्षा या रोजच्या झडतीतून अधिक होते.

दुसरा मोठा बदल संशोधनाने घडवला. मिरचीतील तिखट द्रव्यापासून बनवलेला ‘बेअर स्प्रे’ 1980 च्या दशकात विकसित झाला, आणि अलास्कातील घटनांचा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, ज्या घटनांत तो वापरला गेला, त्यांतील तपकिरी अस्वलांचे अनिष्ट वर्तन 92 टक्के वेळा थांबले. तरीही या साधनाची मर्यादा जुलै 2011 मध्ये अलास्कातील टॉकीटना पर्वतरांगेत दिसली. एका नामांकित संस्थेच्या महिनाभराच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रशिक्षकांविना चालणाऱ्या सात किशोरांची पिल्लासह असलेल्या ग्रिझलीशी अचानक गाठ पडली आणि चौघे जखमी झाले. स्प्रे जवळ होता, पण तो काढण्याइतका अवधीच मिळाला नाही. मात्र त्याच मुलांनी संकटसंदेश देणारे यंत्र सुरू केले, जखमांवर प्रथमोपचार केले आणि मदत येईपर्यंत एकमेकांना सांभाळले.

या साऱ्यातून निघणारी आजची तयारी वस्तूंच्या यादीपेक्षा सरावावर भर देते. घोळक्याने आणि बोलत चालणे, विशेषतः ओढ्याच्या खळखळाटात व झुडपांच्या वळणांवर टाळ्या किंवा हाका देणे. स्प्रे सॅकेत न ठेवता कमरेला लावून तो काढण्याचा सराव रिकाम्या डब्यावर करणे. बचावासाठी अंगावर आलेल्या ग्रिझलीसमोर मानेवर हात गुंफून पालथे पडणे, आणि काळ्या अस्वलाने हल्ला केल्यास उलट प्रतिकार करणे, हे धडे घरी असतानाच गिरवावे लागतात. शिवाय स्थळागणिक नियम भिन्न असतात : येलोस्टोनमध्ये स्प्रे बाळगण्याची शिफारस आहे, तर योसेमिटीत त्याला मनाई, विमानात तर तो नेताच येत नाही.

येलोस्टोनमध्ये अलीकडे वर्षाला सरासरी एखादीच व्यक्ती अस्वलामुळे जखमी होते. हा फरक अस्वलांना हटवून नव्हे, तर माणसांना शिस्त लावून साधला गेला. त्यामुळे किशोरांच्या तुकडीची खरी तयारी किती महाग साधने घेतली यावरून नव्हे, तर दमलेल्या संध्याकाळीही प्रत्येक मूल न सांगता स्वतःचे खिसे रिकामे करते का, यावरूनच जोखली पाहिजे.