प्रयोग-व्याख्यान (भौतिकशास्त्र)

प्रयोग-व्याख्यान म्हणजे श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करीत त्यामागील वैज्ञानिक तत्त्व उलगडून सांगण्याची व्याख्यानपद्धती होय. विद्यापीठे व संशोधन संस्था शालेय विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राची ओळख करून देण्यासाठी या पद्धतीचा अवलंब करतात.

इतिहास

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 साली तरुण श्रोत्यांसाठी नाताळ व्याख्यानमाला सुरू झाली. मायकेल फॅरेडे यांनी तिच्यात एकूण 19 मालिका सादर केल्या. जळत्या मेणबत्तीवरील त्यांची व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता ही परंपरा आजही चालू आहे.

महाराष्ट्रात

पुणे विद्यापीठाच्या आवारात 1988 साली स्थापन झालेल्या आयुका या संस्थेने, संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांच्या प्रेरणेने, शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू केली. संस्थेच्या चंद्रशेखर सभागृहात ती होतात. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या वास्तूला 'पुलस्त्य' हे सप्तर्षींपैकी एका ताऱ्याचे नाव दिले आहे, त्यात पु. लं.चेही स्मरण आहे. तेथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करून दाखविण्याचे कार्य अनेक वर्षे केले.

एक नमुना प्रयोग

पितळेची किंवा तांब्याची सरळ नळी, तीत सैल बसणारे शक्तिशाली चुंबक आणि त्याच आकाराचा लोखंडाचा अचुंबकित तुकडा एवढे साहित्य या प्रयोगास पुरते. प्रथम चुंबक नळीला चिकटत नाही हे दाखवितात. मग लोखंडाचा तुकडा उभ्या नळीतून सोडल्यास तो तत्काळ खाली पडतो. चुंबक मात्र सावकाश उतरते.

चुंबक खाली सरकताना नळीच्या भिंतीतील चुंबकीय क्षेत्र बदलते. फॅरेडे यांनी 1831 साली शोधलेल्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार भिंतीत वर्तुळाकार विद्युतधारा निर्माण होतात. लेन्झच्या नियमाप्रमाणे या धारा आपल्याला निर्माण करणाऱ्या बदलास, म्हणजे चुंबकाच्या पतनास, विरोध करतात. चुंबक पूर्ण थांबत मात्र नाही; कारण ते थांबले की धाराही नाहीशा होतात. पितळ हे तांब्यापेक्षा कमी सुवाहक असल्याने त्याच मापाच्या पितळी नळीतून चुंबक तुलनेने लवकर बाहेर येते. नळी प्लॅस्टिकची असल्यास असा विरोध होत नाही.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

भंडारा शहर पितळी भांड्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे वरील प्रयोगातील धातू येथील मुलांच्या घरच्या परिचयाचा आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. 1992 पासून सुरू असलेले नागपूरचे रमण विज्ञान केंद्र भंडारा शहरापासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. लाखांदूर, साकोलीसारख्या तालुक्यांतून हे अंतर आणखी वाढते. त्यामुळे थोड्या साहित्यात होणारे प्रयोग गावातील शाळेत दाखविण्यास येथे विशेष महत्त्व आहे. 28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन त्यासाठी सोयीचा ठरतो.

परिणामकारकता व मर्यादा

प्रयोग पाहून आनंद होणे आणि तत्त्व समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. केवळ प्रयोग पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकलन तो न पाहणाऱ्यांहून फारसे सरस नव्हते. प्रयोगापूर्वी निष्कर्षाचा अंदाज बांधणाऱ्यांचे आकलन मात्र स्पष्टपणे वाढलेले आढळले. म्हणून नळीत चुंबक सोडण्यापूर्वी 'आधी काय बाहेर येईल, लोखंड की चुंबक?' असे विचारून मुलांकडून उत्तर लिहून घेणे इष्ट असते. कारण न सांगता उरकलेला प्रयोग जादूच्या खेळासारखा भासतो व चमत्काराची समजूत दृढ करू शकतो.

मोठ्या सभागृहात मागील रांगांना सूक्ष्म बदल दिसत नाहीत, ही या पद्धतीची आणखी एक मर्यादा आहे. शक्तिशाली चुंबके लहान मुलांच्या हाती एकटी देऊ नयेत. ती गिळली गेल्यास आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते.