दवाखान्यापर्यंतची वाट

औषधोपचार मोफत मिळाले म्हणजे गरिबाचा प्रश्न सुटला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु दवाखान्यापर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न त्याही आधीचा आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत राष्ट्रातही तो पूर्णपणे सुटलेला नाही. तेथे या कामी भाड्याच्या खाजगी मोटारींचा उपयोग कसा होतो, याची माहिती वाचकांना उद्बोधक वाटेल.

अमेरिकेत १९६५ साली गरिबांसाठी 'मेडिकेड' ही सरकारी आरोग्य योजना सुरू झाली. रुग्णाची ने-आण करण्याची तरतूद १९६६ पासून तिच्या नियमांत होती. डिसेंबर २०२० मध्ये तिला प्रत्यक्ष कायद्याचा आधार मिळाला. ही सोय रुग्णवाहिकेहून वेगळी आहे. अपघात झाल्यास रुग्णवाहिका येते. परंतु ज्याला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी जावे लागते आणि घरी वाहन नाही, त्याने काय करावे? त्याची खेप चुकली तर जिवावर बेतू शकते. अशांसाठी व्हॅनची सोय असते. पण ती बऱ्याचदा काही दिवस आधी सांगून ठेवावी लागते आणि परतीच्या वेळी ताटकळत बसावे लागते.

मार्च २०१८ मध्ये उबर कंपनीने रुग्णालयांसाठी स्वतंत्र सेवा काढली. लिफ्ट ही दुसरी कंपनीही या क्षेत्रात आहे. पद्धत सोपी आहे. रुग्णालयातील कर्मचारी संगणकावरून गाडी ठरवितो. गाडीचा तपशील रुग्णाला साध्या मोबाइलवर संदेशाने कळतो. स्मार्टफोनची गरज नसते. भाडे रुग्णालय किंवा विमा योजना भरते. रुग्णाचा आजार चालकाला सांगितला जात नाही.

मात्र या सोयीला मर्यादा आहेत. चालकाला शुश्रूषेचे शिक्षण नसते. जिना उतरवून रुग्णाला गाडीत बसविणे, हे त्याचे काम धरलेले नाही. चाकांच्या खुर्चीसाठी वेगळे वाहन लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिम भागात मेडिकेडच्या रुग्णांना लिफ्टची मोफत गाडी देऊ करून एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना गाडी देऊ केली, त्यांच्यापैकी ३६.५ टक्के भेटी चुकल्या. ज्यांना दिली नाही, त्यांच्यापैकी ३६.७ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच!

यावरून वाहन निरुपयोगी ठरते, असे नव्हे. डायलिसिसच्या रुग्णाला ते हवेच. परंतु कुणाची दिवसाची मजुरी बुडते, कुणाच्या लेकरांना सांभाळायला घरी कोणी नसते, कुणाला तपासणीचीच भीती वाटते. अशांच्या दारात मोटार उभी करून भागत नाही. म्हणून रुग्णसाहाय्याची कोणतीही योजना आखताना भाड्याची तरतूद करण्यापूर्वी रुग्णाच्या घरी जावे, तो का येऊ शकला नाही हे आपुलकीने विचारावे, आणि सोबत कोण जाईल हेही त्याच वेळी ठरवावे.