गरम असतानाच तपासा

पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घाट चढून आली की बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि इंजिनाला बसवलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं. जुन्या ड्रायव्हरांना हे कुणी शिकवावं लागत नसे. पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटर उपाशी राहायचा. फडक्याने पंप निवला की गाडी चालू!

पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, पंप टाकीत गेला. तो साधारण ३ बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. फडकं गेलं, पण गरम झाल्यावर बंद पडायची खोड राहिली. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, अर्धा तास छान चालते आणि सिग्नलला गप्प होते. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. चहा पिऊन आलात की काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते आणि गॅरेजमध्ये तर अगदी शहाण्यासारखी वागते. मग प्लग बदला, कॉइल बदला, फिल्टर बदला असा खर्च सुरू होतो. याला निदान म्हणत नाहीत, ही मालकाच्या पैशाने काढलेली लॉटरी आहे. पुरावा असतो तो गाडी बंद आणि गरम असतानाच्या त्या थोड्या मिनिटांत.

माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो. क्रँकशाफ्ट कुठे आहे आणि किती वेगाने फिरतोय, हे तो ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कळवतो. तो मुका झाला की ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाही, मग ना ठिणगी, ना पेट्रोल. बऱ्याच गाड्यांत या सेन्सरमध्ये केसासारख्या तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिला बारीक तडा गेला असेल, तर गरम होऊन फाकल्यावर जोड सुटतो आणि निवल्यावर पुन्हा जुळतो. थंड सेन्सरला मल्टिमीटर लावला तर आकडा बरोबरच येणार. २० अंशांवरून १०० अंशांवर जाताना तांब्याचा रोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, तेवढं चालतं. गरम असताना मीटर एकदम 'ओपन' दाखवू लागला, की चोर सापडला. स्कॅनरवर पी०३३५ हा कोड दिसला तर उत्तमच, पण तो दरवेळी नोंदला जातोच असं नाही.

गाडी कशी बंद पडली हेही लक्षात ठेवा. किल्ली फिरवल्यासारखी झटक्यात गेली, तर करंटचा मामला: सेन्सर, कॉइल, रिले. धक्के देत, दम लागल्यासारखी गेली, तर पेट्रोलचा. किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन-तीन सेकंदांची घूं येते का, ते ऐका. टाकी तळाला गेली की पंप लवकर तापतो, कारण त्याला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं. कधी उष्णतेचा संबंधच नसतो. टाकीत हवा जायची वाट तुंबली, तरी काही वेळ चालून गाडी थांबते. झाकण उघडताना हवा जोरात आत ओढल्याचा आवाज आला, तर तिकडे बघा.

फक्त आयडलिंगला बंद पडते, रेस दिली की टिकते, ही केस वेगळी. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, त्यात मॅनिफोल्डची हवागळती झाकली जाते आणि गरम झाल्यावर उघडी पडते. मळलेली थ्रॉटल बॉडीही असाच त्रास देते. टेम्परेचरचा काटाच लालवर गेला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून इंजिन निवू द्या. तोवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

गॅरेजमध्ये खोड पुन्हा दाखवायला हेअर ड्रायर पुरतो. इंजिन चालू ठेवून संशयित सेन्सर बाहेरून तापवायचा, पट्ट्यांपासून हात जपून. बंद पडलं तर निवू देऊन पुन्हा तापवायचं. मात्र नवा सेन्सर मागवण्याआधी त्याचा कनेक्टर आणि वायर हलवून पाहायला सांगा. सैल पिनही गरम झाल्यावर हेच करते.